चोळ्याचे धुराडे आणि डहाणूची अट

ठाकुर्लीतले चोळे पॉवर हाऊस बंद होऊन अनेक वर्षे झाली. ते १९२९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने उभारले. मुंबईची लोकल कल्याणपर्यंत विजेवर आली होती, पुढे पुणे आणि इगतपुरीकडे घाटातून विजेची इंजिने न्यायची होती, आणि त्यासाठी रेल्वेला स्वतःची वीज हवी होती. कोळसा रेल्वेनेच यायचा, पाणी उल्हास नदीचे. १९८०च्या दशकात केंद्र बंद पडेपर्यंत तिथे कोळसा जळत राहिला. रेल्वेच्या इतिहासात या केंद्राची नोंद अभिमानाने होते, आणि ती व्हायलाही हवी. त्याच्या धुराची नोंद मात्र कुठे फारशी सापडत नाही.

कोळशात थोडे गंधक असते. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. हवेत गेल्यावर त्याचे आम्ल आणि सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि फुप्फुसात खोलवर शिरतात. मुंबईत १९१२ पासून धुराच्या उपद्रवाचा कायदा होता, पण त्याचा सगळा रोख काळ्या धुरावर. न दिसणाऱ्या वायूला कोण विचारतो? देशभर लागू होणारा हवा प्रदूषणाचा कायदा आला तो १९८१ साली, म्हणजे चोळ्याचे आयुष्य जवळजवळ संपत आल्यावर.

‘त्या काळी हे तंत्रच नव्हते’ असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. चोळ्याची भट्टी पेटली त्याच सुमारास लंडनमध्ये बॅटरसी वीज केंद्रावरून मोठा वाद चालू होता. शहराच्या मध्यावर एवढे मोठे केंद्र नको म्हणून लोक उठले आणि धूर धुऊनच बाहेर सोडायचा या बोलीवर परवानगी मिळाली. १९३३ साली ते केंद्र सुरू झाले तेव्हा धुरावर टेम्स नदीच्या पाण्याचा फवारा मारून गंधक काढले जात होते. त्यात दोष होते. वापरलेले पाणी परत नदीतच जाई, आणि गार झालेला धूर वर न चढता खाली उतरे. महायुद्धात धुण्याचे काम थांबवावे लागले, कारण पांढऱ्या वाफेचा लोट शत्रूच्या विमानांना दिसायचा. पण धूर धुता येतो, एवढे तेव्हाच सिद्ध झाले होते. राजधानीच्या शहरात ते झाले. वसाहतीत रेल्वेला ते करायला कोणी सांगितले नाही.

आता याच ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जाऊ. डहाणू २०१४ साली पालघर जिल्ह्यात गेले. त्याआधी ते ठाण्यातच होते. वारली पाडे, मच्छीमारांच्या वस्त्या आणि इराणी-पारशी कुटुंबांनी वाढवलेल्या चिकूच्या वाड्या असा हा तालुका. इथे बीएसईएस कंपनीला ५०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र हवे होते. वीज जाणार मुंबईच्या उपनगरांना, राख आणि वायू राहणार डहाणूला. परवानगी देताना सरकारने अट घातली होती : धुरातील गंधक काढणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवावी.

नर्गिस इराणी, कितायुन रुस्तम आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. केंद्र काही थांबले नाही. पण १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एफजीडीची अट पूर्ण विचार केल्याशिवाय आणि अर्जदारांचे म्हणणे ऐकल्याशिवाय सैल करू नये. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. खटला हरूनही एक वाक्य पदरात पडले, आणि माझ्या मते या सगळ्या लढाईत सर्वात मोलाचे तेच ठरले.

केंद्र १९९५ साली सुरू झाले, एफजीडीशिवाय. राखेसाठी यंत्रणा होती आणि २७५ मीटर उंचीचे धुराडे होते. उंच धुराडे वायू नाहीसा करत नाही, तो फक्त लांब नेऊन टाकतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष झाले मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, गांधीवादी विचारवंत दादा धर्माधिकारी यांचे चिरंजीव. या प्राधिकरणासमोर स्थानिक माणूस थेट उभा राहून बोलू शकत होता. १९९९ मध्ये प्राधिकरणाने एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. मग तारखा, अर्ज, अभ्यास, पुन्हा अर्ज. मधल्या काळात कंपनी रिलायन्सकडे गेली. २००५ मध्ये प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली, तेव्हा कुठे कामाला वेग आला. २००७ साली यंत्रणा चालू झाली. अट घातल्यापासून दीड दशकाहून अधिक काळ उलटून गेला होता.

यंत्रणा बसली ती समुद्राच्या पाण्यावर चालणारी. समुद्राचे पाणी मुळातच थोडे क्षारधर्मी असते. धूर त्यातून नेला की वायू विरघळतो, मग पाण्यात हवा सोडली की त्याचे सल्फेट बनते. समुद्रात सल्फेट आधीपासूनच भरपूर असते, त्यामुळे हे पाणी परत सोडता येते. इतर ठिकाणी चुनखडी वापरतात आणि त्यातून जिप्सम मिळते. किनाऱ्यावर समुद्र दाराशीच होता. मुंबईत टाटांच्या ट्रॉम्बे केंद्राच्या पाचव्या संचाला अशी यंत्रणा १९८०च्या दशकातच बसली होती. म्हणजे डहाणूत तंत्र अडले नव्हते. अडला होता तो खर्च, आणि तो कोणासाठी करायचा हा प्रश्न.

हा प्रश्न अजून मिटलेला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सर्व कोळसा केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली. मुदत २०१७ची होती. ती वाढत गेली. ११ जुलै २०२५च्या अधिसूचनेने तीन वर्ग पाडले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहराच्या १० किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना डिसेंबर २०२७ची मुदत. अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांबाबत एकेकट्याचा विचार होणार. आपल्याकडे चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित भागात होते. उरलेल्यांना, म्हणजे सुमारे ७८ टक्के संचांना, ठरावीक उंचीचे धुराडे असले की एफजीडीतून सूट. कारण दिले गेले ते असे की, भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि बहुतेक ठिकाणच्या हवेत हा वायू मर्यादेत आहे. कोळशात गंधक कमी असते हे खरे आहे. पण केंद्राजवळ वायू मोजला तर शंभर किलोमीटरवर त्याचे झालेले सल्फेट त्या आकड्यात येत नाही.

हे माप आपल्या दोन गावांना लावून पाहू. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. चोळ्याची भट्टी आज पेटलेली असती तर ती पहिल्या वर्गात बसली असती. डहाणू नगरपालिकेची लोकसंख्या तेव्हा ५० हजारांच्या आसपास होती. लोकसंख्येच्या निकषावर त्या गावासाठी ही यंत्रणा कोणी मागितलीच नसती. ती तिथे २००७ पासून आहे, कारण १९९१च्या निकालातले ते एक वाक्य हातात धरून काही माणसे सुनावणीला जात राहिली. न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. तोपर्यंत ते त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष होते.