झाकणाच्या आतली अक्षरं

कवीला छंद विचारला की वाचन, गाणं, फार तर प्रवास अशी उत्तरं लोक गृहीत धरतात. माझा छंद ऐकून समोरचा माणूस आधी हसतो. मी बंद पडलेली, खिशात ठेवायची जुनी घड्याळं दुरुस्त करतो. साखळीला अडकवून जाकिटाच्या खिशात ठेवायची ती गोल, जाडजूड घड्याळं. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या माणसाचा यंत्राशी काय संबंध, असंही कुणी विचारतं. संबंध आमच्या दादांमुळे आला. दादा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील.

दादा बार्शी लाइट रेल्वेत गार्ड होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने उभारलेली ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली. १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. दोन बावटे, कंदील, शिट्टी आणि घड्याळ हा दादांचा सगळा सरंजाम. घड्याळ चांदीच्या डबीतलं, स्विस बनावटीचं. पांढऱ्या डायलवर काळ्या अक्षरांत 'वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे' असं नाव. रोज रात्री इशाची नमाज झाली की दादा त्याला चावी द्यायचे, कानाशी धरायचे आणि उशाशी ठेवायचे.

खिशातल्या घड्याळाला अचूकपणा आला तो केसाइतक्या बारीक स्प्रिंगमुळे. आपले कारागीर तिला बालकमानी म्हणतात. १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्स याने ती वापरात आणली. त्याआधी खिशातलं घड्याळ दिवसाकाठी सहज अर्धा-पाऊण तास चुकायचं, त्यामुळे बहुतेकांना मिनिटकाटाच नसायचा. बालकमानी आली आणि मिनिटाला अर्थ आला. पण सामान्य माणसाला मिनिटाची गरज भासू लागली ती रेल्वे आल्यावर. एकेरी रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांना एकमेकींची वेळ ठाऊक हवी. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या किप्टन इथे १८ एप्रिल १८९१ च्या सुमारास असाच अपघात झाला. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं थांबून पुन्हा चालू झालं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता, असं सांगतात. त्यानंतर तिथे रेल्वेच्या घड्याळांसाठी कडक नियम झाले. आठवड्यात तीस सेकंदांहून जास्त चूक चालणार नाही, हा त्यातला एक.

आपल्याकडे प्रश्न याहून वेगळा होता. घड्याळ बरोबर चालतंय, पण कुणाच्या वेळेप्रमाणे? पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणून प्रत्येक गावाची दुपार वेगळी. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. कलकत्त्याची तिसरीच. मुंबईच्या माणसाला घर गाठायचं असेल तर एक वेळ आणि गाडी गाठायची असेल तर दुसरी. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशासाठी एक वेळ ठरवली. साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. आज आपण तीच वापरतो.

मुंबईने मात्र ती सुखासुखी मानली नाही. नवी वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. म्हणजे गिरणी कामगाराने एरवीपेक्षा ३९ मिनिटं आधी, अंधारात घर सोडायचं. त्या जानेवारीत हजारो कामगारांनी निषेध केला. महापालिकेनेही आपल्या घड्याळांत जुनीच वेळ ठेवली आणि 'बॉम्बे टाइम'चा हा हट्ट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकला.

दादांना या वादाची अडचण नव्हती. त्यांच्याजवळ दोन घड्याळं होती, एक खिशात आणि एक आभाळात. कुर्डुवाडीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात जवळजवळ साडेबारा झालेले असतात. गाडी खिशातल्या घड्याळावर सुटायची, नमाज सूर्यावर व्हायची. दोन्हींत कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

दादा गेले तेव्हा मी शाळेत होतो. घड्याळ आधीच बंद पडलं होतं. अब्बांनी ते रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं आणि पुढे माझ्या हवाली केलं. १९९९ मध्ये, तिशीच्या आत-बाहेर असताना, मला ते चालू करायची हुक्की आली. कारागिराकडे न्यायच्या आधी जरा साफ करून न्यावं म्हटलं. चांदी काळवंडली होती. पॉलिशची डबी आणली, फडकं घेतलं, नंतर शेजारच्या सोनाराकडून फिरता ब्रश मागून आणला. झाकण बाहेरून घासलं, आतूनही घासलं. आरशासारखं लखलखलं. मी खूश.

सोलापुरात एक म्हातारे घड्याळजी होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "बेटा, आत काही लिहिलेलं होतं का?"

मी म्हटलं, "लिहिलेलं नव्हतं. नुसते ओरखडे होते. काढून टाकले."

त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं.

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते आज या छंदातला प्रत्येक माणूस जाणतो. घड्याळ दुरुस्तीला आलं की कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण करतो. एखादा आकडा, तारीख, नावाचं आद्याक्षर. तेच घड्याळ पुन्हा आलं तर आपलं काम ओळखता यावं म्हणून. साध्या डोळ्यांना ते ओरखडेच दिसतात. पन्नास वर्षं वापरलेल्या घड्याळात अशा पाच-सहा खुणा सहज सापडतात. घड्याळाची ती जणू आजारपणाची वही. ती वही मी ब्रशने पुसून टाकली होती. त्यातलं एक अक्षर उर्दू वळणाचं होतं, असं मला आता वाटतं. पण ते खरंच आठवतंय की मागाहून मनाने रचलंय, हे सांगता येणार नाही.

बिजागरीच्या खाचेत मात्र ब्रश पोचला नव्हता. तिथे एक खूण शिल्लक होती. उस्तादांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी वाचलं: ९-४८.

पुढचे दोन महिने रविवारी मी त्यांच्या टेबलापाशी बसलो. आधी कमानीचा ताण सोडायचा, नाहीतर चाकं एकदम सुटतात आणि दाते मोडतात. मग एकेक स्क्रू काढायचा आणि ज्या भागाचा आहे त्याच्या शेजारीच ठेवायचा. जुनं तेल वाळून डिंकासारखं होतं, ते पेट्रोलमध्ये धुवायचं. खड्यांची भोकं टोकदार लाकडी काडीने साफ करायची. तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त तेल हाही घड्याळाचा आजार. अशा घड्याळात बॅलन्सचं चाक सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. दिवसाकाठी एक मिनिट चुकलं तर त्यातले तीनशे ठोके इकडचे तिकडे झाले. बारीकशा दोषाने एवढं होतं.

चाकं उलगडताना उस्तादांना आणखी एक गोष्ट दिसली. बॅलन्सच्या चाकाचा आस मूळचा नव्हता. कारखान्यातला नव्हे, कुणीतरी लेथवर हाताने घडवून बसवलेला होता. केसाएवढी टोकं असलेला हा आस बहुतेक वेळा एकाच कारणाने मोडतो. घड्याळ जोरात पडतं किंवा आपटलं जातं.

९-४८ ही तारीख असेल तर तो सप्टेंबर १९४८. त्या महिन्याच्या १३ ते १७ तारखांना हैदराबाद संस्थानात भारतीय फौजांची कारवाई झाली. दादांची गाडी बार्शीहून लातूरला जाताना त्याच संस्थानात शिरायची. त्याआधी रझाकारांनी त्या भागात अत्याचार केले होते. नंतर सूड उगवला गेला आणि त्यात कशातच नसलेली मुसलमान माणसं मारली गेली. सुंदरलाल समितीने तेव्हाच त्याची नोंद केली होती, पण तो अहवाल सर्वांसाठी खुला व्हायला २०१३ साल उजाडलं. उस्मानाबाद जिल्हा, ज्यात तेव्हा लातूर होतं, त्यात सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांमध्ये आहे.

त्या दिवसांबद्दल दादा घरात एक शब्द बोलले नाहीत. अब्बा तेव्हा लहान होते. त्यांना एवढंच आठवत होतं की काही दिवस दादा घरी आले नाहीत, आणि आले तेव्हा त्यांच्या जाकिटाला साखळी नव्हती.

उस्तादांनी मला सावध केलं. ही तारीखच असेल असं नाही, पावतीचा नंबरही असू शकतो. शेजारच्या खुणा असत्या तर ताडून बघता आलं असतं. सगळ्या खुणा तारखांच्या असत्या तर हीही तारीख. मी काही बोललो नाही. शेजारच्या खुणा कुठे गेल्या ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर कितीतरी घड्याळं माझ्या हाताखालून गेली. चोरबाजारात मिळालेली, मित्रांच्या कपाटातली. प्रत्येक वेळी तोच प्रश्न पडतो, किती करायचं? मोडलेला आस बदलायलाच हवा, वाळलेलं तेल काढायलाच हवं. पण तडा गेलेलं मिन्याचं डायल मी नव्याने रंगवून घेत नाही. अंधारात चमकणारे आकडे असतील तर ते खरवडत नाही. जुन्या काळी त्यात रेडियम असायचं. चमक विझली तरी रेडियम जिवंत असतं, त्याची धूळ श्वासात जाणं घातक. आणि झाकणाच्या आत फक्त कोरडा मऊ ब्रश, तोही भिंगातून बघून झाल्यावर. माझी स्वतःची खूण मी सुईने कोरत नाही. काय केलं ते तारखेसह कागदावर लिहितो आणि ती चिठ्ठी घड्याळाच्या डबीत ठेवतो.

दादांचं घड्याळ आता चालतं. दिवसाला तीन-चार मिनिटं मागे पडतं आणि मी ते चालवून घेतो. रात्री चावी देताना मीही ते कानाशी धरतो. त्याच्या डबीतही चिठ्ठी आहे. नवी कमान घातली, काच बदलली, असं सगळं तिच्यात लिहिलंय. पहिली ओळ मात्र अशी आहे: झाकण आतून मी घासलं. १९९९.