एक काच की दोन? : इंग्लंडच्या जुन्या खिडक्या आणि पाठचिकित्सा

लॉरेन्स स्टर्न यांच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ (१७५९–१७६७) या कादंबरीत एक खिडकी कोसळते. टोबीकाकांच्या लुटुपुटीच्या किल्ल्यासाठी तोफा ओतायला शिसे हवे असते. म्हणून त्यांचा इमानी सेवक कॉर्पोरल ट्रिम मुलांच्या खोलीतील खिडकीची शिशाची वजनेच काढून नेतो. पुढे एकदा दासी सुझॅना पाच वर्षांच्या ट्रिस्ट्रमला लघुशंकेसाठी त्याच खिडकीत उभे करते. एका हाताने वर ढकललेली झडप निराधार होऊन खाली येते आणि बिचाऱ्या नायकाला अडचणीच्या जागी इजा होते. हा प्रसंग शिकवताना आपण स्टर्नच्या विनोदाकडे, फार तर त्याच्या कार्यकारणभावाच्या थट्टेकडे लक्ष वेधतो. खिडकीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. वास्तविक स्टर्नच्या वाचकाला ही यंत्रणा परिचित होती, म्हणूनच तो हसू शकला.

ही यंत्रणा म्हणजे सॅश खिडकी. हिच्या दोन झडपा बिजागरीवर उघडत नाहीत; त्या एकमेकींच्या पुढे-मागे राहून वर-खाली सरकतात. चौकटीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पोकळ्या असतात. कप्पीवरून गेलेल्या दोरीला बांधलेली वजने या पोकळ्यांत लोंबत राहून झडपेचा भार तोलून धरतात. अशी वजनांनी तोललेली खिडकी इंग्लंडमध्ये १६७० च्या दशकात राजवाड्यांत आणि सरदारांच्या घरांत दिसू लागली आणि पुढील शतकात सामान्य घरांपर्यंत पोहोचली. १६६६ च्या भीषण आगीची स्मृती बाळगणाऱ्या लंडनमध्ये १७०९ च्या कायद्याने लाकडी चौकट भिंतीच्या बाह्य पृष्ठापासून चार इंच आत घेण्याचे बंधन घातले. १७७४ च्या कायद्याने वजनांची पेटी विटांच्या आड दडवली. अठराव्या शतकाच्या अखेरची लंडनमधील घरे इतकी सडपातळ, नेटकी दिसतात, यामागे अभिरुचीइतकाच आगीचा धसकाही आहे.

काचेचाही असाच इतिहास आहे. त्या काळी उत्तम काच फुंकून, गरगर फिरवून तबकडीसारखी पसरवली जाई आणि मग तिची तावदाने कापली जात. त्यामुळे मोठे तावदान दुर्मीळ होते. लहान तावदाने लाकडी पट्ट्यांत गुंफावी लागत. १७४५ पासून काचेवर वजनानुसार कर बसला आणि पातळ काच काढण्यात कारखानदारांचा फायदा होऊ लागला. दरम्यान सुतारांचे कौशल्य वाढत गेले. शतकाच्या आरंभी दीड-दोन इंच जाड असलेल्या पट्ट्या शतक संपता संपता अर्ध्या इंचाच्या आसपास आल्या. याखेरीज १६९६ पासून खिडक्यांच्या संख्येवर कर होता. काचेवरील कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाला. तोवर मोठी, सपाट आणि स्वस्त काच मिळू लागली होती. मग व्हिक्टोरियन मंडळींनी बाथसारख्या शहरांतील अनेक जुन्या खिडक्यांच्या पट्ट्या उडवून तेथे अखंड काचा बसवल्या. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मधील मिस्टर कॉलिन्स रोझिंग्जच्या खिडक्या मोजून दाखवतात, त्यांच्या काचांचा मूळ खर्चही सांगतात. हा त्यांचा लोचटपणा खराच. पण काच ही तेव्हा ऐपत दाखवण्याची वस्तू होती, हेही त्यातून कळते.

आज ब्रिटनमध्ये या खिडक्यांबाबत जो वाद आहे, तो या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. इंग्लंडमधील सुमारे पंचमांश घरे १९१९ पूर्वीची आहेत. एकेरी काचेतून उष्णता झपाट्याने निसटते. २०२२ मध्ये इंधनाचे दर भडकले, तेव्हा अशा घरांतील वृद्धांना आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना थंडीने कसे गाठले असेल, याची कल्पना आपल्याला मुंबई-पुण्यात बसून पुरती येणार नाही. शिवाय २०५० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे बंधन त्या देशाने २०१९ मध्ये कायद्याने स्वीकारले आहे. तेव्हा दोन काचांमध्ये हवा किंवा अन्य वायू कोंडलेली दुहेरी काच बसवावी, ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

परंतु सॅश खिडकीतील एक घटक बदलला की बाकीचे सारे हलतात. तीन मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेसात किलो भरते. चार-चार मिलिमीटरच्या दोन काचांचे वीस किलो. साहजिकच वजने वाढवावी लागतात. पेटीत जागा नसेल तर लोखंडाऐवजी अधिक घनतेचे शिसे घालावे लागते. ट्रिमने जे नेले, ते जणू दुपटीने परत करावे लागते! दुहेरी काचेची कड झाकायची तर पट्ट्या जाड होतात. नाही तर एकाच मोठ्या काचेवर खोट्या पट्ट्या चिकटवण्याची युक्ती करावी लागते. हाताने घडवलेल्या जुन्या काचेत आकाश किंचित थरथरते. दुहेरी काचेत ते सपाट होते आणि प्रतिबिंब दोनदा उमटते. शिवाय सीलबंद जोडकाच साधारणतः वीस-पंचवीस वर्षे टिकते, उलट सावकाश वाढलेल्या पाइनच्या लाकडाची जुनी झडप निगा राखल्यास दोन शतके टिकल्याचे दिसते.

येथे मोजमाप उपयोगी पडते. स्कॉटलंडच्या वारसा संस्थेसाठी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने २००८ मध्ये केलेल्या चाचण्यांत असे आढळले, की एकेरी काचेतून होणारी उष्णतेची गळती जाड पडद्यांनी १४ टक्के, आतील घडीची लाकडी दारे लावल्याने ५१ टक्के, तर आतून वेगळी काचेची चौकट बसवल्याने ६३ टक्के कमी होते. फटी बुजवल्याने होणारा लाभ वेगळाच. म्हणजे अठराव्या शतकातील गृहस्थ रात्री लाकडी दारे ओढून घेत असे, तेव्हा तो निम्मी लढाई जिंकत होता. पुढच्या पिढ्यांनी ती दारे रंगाच्या थरांखाली गाडून टाकली आणि खिडकीला दोष दिला.

साहित्याच्या अभ्यासकाला या वादात एक ओळखीची रीत दिसावी. जुनी पोथी हाती आली, की संपादक प्रथम विचारतो : यातील मूळ काय, प्रक्षिप्त काय, आणि कोणत्या हाताने काय बदलले? खिडकीलाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत. मूळ झडप आणि मूळ काच शिल्लक असेल, तर ती संहिता आहे. तिला हात न लावता आतून वेगळी काच बसवावी. ती समासातल्या टीपेसारखी असते, उद्या नको वाटली तर काढता येते. मात्र काच कधीच गेली असेल, झडप विसाव्या शतकातील नक्कल असेल, तर तेथे एकेरी काचेचा हट्ट म्हणजे प्रक्षिप्त ओळीला आर्ष मानणे होय. तेथे बारीक जोडकाच किंवा मध्ये निर्वात जागा असलेली अवघी सहा-आठ मिलिमीटरची काच बसवायला हरकत नसावी. आणि व्हिक्टोरियन अखंड काच? तीही आता दीडशे वर्षांची झाली. मूळ नसूनही इतिहास ठरलेल्या पाठभेदासारखी तिची किंमत स्वतंत्रपणे ठरवावी लागेल.

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’ (१८१७) मध्ये कॅथरीन मोर्लंड मठाच्या खिडक्या पाहून हिरमुसते. जनरल टिल्नींनी गॉथिक कमानी जपल्या आहेत. पण तावदाने मोठी, स्वच्छ, उजळ! तिला कोळिष्टके आणि रंगीत काच हवी होती. ऑस्टिन तिला हसते, कारण कॅथरीनला त्या घरात राहायचे नाही. तिला ते फक्त वाचायचे आहे. आपणही जुन्या घरांचे वाचकच आहोत. तेव्हा आत राहणाऱ्याच्या थंडीचा विचार आधी करावा; पण त्याच्या हाती नवी काच देण्यापूर्वी जुनी कोणाची, हे विचारण्याची सवयही त्याला लावावी. ट्रिमचा हेतू वाईट नव्हता. खिडकीच्या पोटात दडलेले शिसे काय काम करते, एवढेच त्याने विचारले नाही.