भावनियमनाचे मापन (बालके व किशोर)

बालके व किशोर स्वतःच्या भावना कशा हाताळतात, हे प्रश्नावली वा निरीक्षणाद्वारे जोखणे म्हणजे भावनियमनाचे मापन होय. ग्रॉस व जॉन यांच्या २००३ मधील प्रौढांसाठीच्या प्रश्नावलीच्या आधारे गुलोने व टॅफ यांनी २०१२ मध्ये १० ते १८ वर्षे वयोगटासाठी प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यातील १० विधानांपैकी ६ प्रसंगाकडे निराळ्या दृष्टीने पाहण्याविषयी (पुनर्मूल्यांकन), तर ४ भावना प्रकट न करण्याविषयी (दमन) आहेत. दोहोंचे गुण स्वतंत्र मोजतात.

मराठी रूपांतराची खरी अडचण दमनाच्या विधानांत आहे. शिरूर अनंतपाळसारख्या मराठवाड्यातील गावांत रडू आवरणारे मूल ‘समजूतदार’ ठरते. त्यामुळे तेथील अधिक गुण घुसमट दर्शवितात की संयम, हे केवळ आकड्यावरून ठरविता येत नाही. शील्ड्स व चिकेटी यांची १९९७ मधील २४ विधानांची सूची मुलाला ओळखणारी प्रौढ व्यक्ती भरते; तीत अबोल मूल शांत समजले जाण्याची शक्यता राहते.