छोट्या व्यवसायासाठी फोनवरचा ग्रीटिंग मेसेज कसा निवडावा?

घरात कोणाचा छोटा व्यवसाय असला की त्याचा फोन सेट करून द्यायचं काम आपल्याकडेच येतं. माझी मावशी घाटकोपरला गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेते. तिच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप बिझनेस मीच टाकून दिलं आणि ग्रीटिंग मेसेजही मीच लिहिला: ‘ऑर्डरबद्दल धन्यवाद! आम्ही आपल्या सेवेत हजर आहोत.’

चतुर्थीच्या आदल्या रात्री ११ वाजता एका ताईंनी विचारलं, ‘उद्या सकाळी २१ मोदक मिळतील का?’ मावशी सारण हलवत होती, तिने फोन पाहिलाच नाही. माझा मेसेज मात्र लगेच गेला. सकाळी ताई डबा घेऊन दारात! मावशीने घरच्या नैवेद्याचे २१ मोदक त्यांना देऊन टाकले आणि आमच्या बाप्पापुढे गूळ-खोबरं ठेवलं. मला ती काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हा कळलं, ग्रीटिंग म्हणजे नुसतं स्वागत नाही. समोरचा माणूस त्याला शब्द दिला असंच समजतो.

ग्रीटिंग मेसेज कधी जातो?

ग्राहक पहिल्यांदा मेसेज करतो तेव्हा, किंवा १४ दिवस काहीच बोलणं झालं नसेल आणि त्याने पुन्हा मेसेज केला तर. सेटिंग सोपं आहे: बिझनेस टूल्समध्ये जा, ‘ग्रीटिंग मेसेज’ चालू करा, मजकूर बदला, सेव्ह करा. तो सगळ्यांना जावा की फक्त नंबर सेव्ह नसलेल्यांना, हेही तिथेच निवडता येतं.

मेसेजमध्ये काय असावं?

१. व्यवसायाचं नाव आणि ठिकाण
२. ग्राहकाने काय लिहून पाठवायचं
३. माणूस उत्तर कधी देणार
४. ऑर्डर पक्की कधी समजायची

मावशीचा आत्ताचा मेसेज असा आहे: ‘नमस्कार, हा आपोआप जाणारा मेसेज आहे. उकडीचे मोदक, घाटकोपर. किती नग आणि कोणत्या दिवशी हवेत ते लिहा. सकाळी १० ते रात्री ८ या वेळेत उत्तर देऊ. आमचा “हो” येईपर्यंत ऑर्डर पक्की समजू नये.’

घाटकोपरमध्ये गुजराती ग्राहक भरपूर, म्हणून खाली हेच हिंदीतही दोन ओळींत लिहिलंय. मराठी आधी ठेवा, पण कोणाला वाचताच आलं नाही असं नको.

रात्रीचं काय?

त्यासाठी ‘अवे मेसेज’ वेगळा असतो. प्रोफाइलमध्ये कामाची वेळ भरली, की तो फक्त त्या वेळेबाहेर पाठवायची सोय आहे. लक्षात ठेवा, फोनचं नेट बंद असेल तर मेसेज जाणार नाही.

आणि कॉल उचलल्यावर?

टेलिफोन नवा होता तेव्हा ग्रॅहम बेल यांना ‘अहॉय’ हा शब्द पसंत होता. १८७७ मध्ये एडिसन यांनी ‘हॅलो’ सुचवलं आणि तेच रुळलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं. पहिला शब्द तुम्ही कोणताही निवडा. दुसरं मात्र व्यवसायाचं नाव असू द्या. म्हणजे ‘राँग नंबर तर नाही ना?’ हा प्रश्नच उरत नाही.

शेवटची टीप

मेसेज सेव्ह केल्यावर, त्या नंबरवर कधीच मेसेज न केलेल्या मित्राला ‘हाय’ पाठवायला सांगा. आलेलं उत्तर वाचून त्याला एकच विचारा: ‘तुझी ऑर्डर झाली असं वाटलं का?’ तो ‘हो’ म्हणाला, तर मेसेज पुन्हा लिहा. मी हे आधी केलं असतं, तर बाप्पाला मोदक मिळाले असते!