तिवरे धरण

तिवरे धरण हे महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात, तिवरे गावाजवळ बांधलेले मातीचे लहान धरण होते. लघु पाटबंधारे प्रकल्प म्हणून शेतीच्या सिंचनासाठी उभारलेले हे धरण २ जुलै २०१९ रोजी रात्री फुटले.

स्थान व उद्देश

तिवरे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, वाशिष्ठी नदीच्या खोऱ्यात वसले आहे. कोकणात पाऊस विपुल पडतो; परंतु तीव्र उतारामुळे पाणी वेगाने समुद्राकडे वाहून जाते व उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात. पावसाळ्यातील पाणी अडवून ते पुढील महिन्यांत शेतीला पुरवणे, हा अशा लहान धरणांचा हेतू असतो.

मातीच्या धरणाची रचना

मातीच्या धरणाच्या मध्यभागी पाणी अडवणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो व दोन्ही बाजूंस मुरुमाचा भराव दाबून बसवलेला असतो. लाटांनी माती धुपू नये म्हणून पाण्याकडील उतारावर दगडांचे अस्तर देतात. जादा पाणी सांडव्यावरून, तर सिंचनाचे पाणी विमोचकातून सोडले जाते. अशा भरावातून थोडा पाझर अपेक्षितच असतो. मात्र पाझराबरोबर मातीचे कण वाहू लागल्यास आतल्या आत पोकळी वाढत जाते आणि भराव खचतो. म्हणून गढूळ गळती हे धोक्याचे लक्षण मानले जाते.

दुर्घटना

मुसळधार पावसात जलाशय भरलेला असताना रात्री साडेनऊच्या सुमारास भराव फुटला. धरणाखालील भेंदवाडीतील घरे वाहून गेली व वीसहून अधिक ग्रामस्थ पुरात सापडले. अनेकांचे मृतदेह पुढील काही दिवसांच्या शोधकार्यात हाती लागले. नदीकाठच्या इतर गावांनाही पुराचा फटका बसला.

चौकशी व पुनर्वसन

धरणाला गळती लागल्याची तक्रार आधीच केली होती, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. खेकड्यांनी भराव पोखरल्यामुळे धरण फुटल्याचे विधान तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी केले. त्यावर राज्यभर टीका झाली. शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. बाधित कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी अलोरे येथे घरे बांधण्यात आली.

या घटनेनंतर राज्यातील लहान धरणांची नियमित तपासणी, गळतीची वेळीच दुरुस्ती आणि खालच्या वस्त्यांना पूर्वसूचना देण्याची व्यवस्था, हे प्रश्न ऐरणीवर आले.