बुलेटिन बोर्ड, डायल-अप (बडोदे)

संगणकाला मॉडेम जोडून घरच्या टेलिफोनवरून दुसऱ्या संगणकाला फोन लावायचा, तिथले निरोप वाचायचे, आपले ठेवायचे, जमल्यास एखादी फाइल उतरवून घ्यायची आणि लाइन सोडायची, या सोयीला बुलेटिन बोर्ड सिस्टिम किंवा बोलण्यात नुसते ‘बीबीएस’ म्हणत. असा पहिला सार्वजनिक बोर्ड वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी शिकागोत 16 फेब्रुवारी 1978 रोजी सुरू केला. भारतात हे लोण 1980च्या दशकाच्या अखेरीस पोचले आणि इंटरनेट घरोघर येऊ लागताच ओसरले. या मधल्या वर्षांचा इतिहास बहुधा मुंबई-बंगळूरच्या हौशी मंडळींचा म्हणून सांगितला जातो. बडोद्याकडून पाहिले तर त्यातली गप्पांची आणि खेळांची बाजू मागे पडते, टपालाची पुढे येते.

बोर्ड चालवणाऱ्याला ‘सिसॉप’ म्हणत. एक संगणक, एक मॉडेम आणि एक फोन लाइन एवढ्यावर त्याचा संसार चाले. लाइन एकच असल्यामुळे एका वेळी एकच पाहुणा. बाकीच्यांना एंगेज टोन. मॉडेमला ‘एटीडीटी’ किंवा जुन्या एक्स्चेंजवर ‘एटीडीपी’ असा हुकूम आणि पुढे नंबर दिला, की तो स्वतः डायल करी. पहिल्यात टोन, दुसऱ्यात खटखट वाजणारे पल्स. मग दोन्हीकडच्या मॉडेमची शिट्ट्या-खरखरीची ओळखपरेड व्हायची आणि पडद्यावर ‘कनेक्ट 2400’ उमटायचे. या वेगाला सेकंदाला सुमारे 240 अक्षरे येतात, म्हणजे 80 स्तंभ आणि 24 ओळींचा भरलेला पडदा रंगायला 8 सेकंद. शंभर किलोबाइटची फाइल 7 मिनिटे घेई, तेही घरात कोणी एक्स्टेन्शन उचलले नाही तर. पावसाळ्यात लाइनवर खरखर वाढली की मजकुराच्या मधोमध महिरपी कंसांची रांग उगवे. तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे उतरवण्याची सोय चक फोर्सबर्ग यांच्या ‘झेडमोडेम’ने 1986 मध्ये केली. आपल्याकडच्या लाइनवर ती सोय नसती तर फायलींचा व्यवहार जवळपास अशक्यच होता.

टॉम जेनिंग्ज यांच्या फिडोनेटने 1984 मध्ये सुटे बोर्ड एकमेकांना जोडले. दिवसभर जमलेली पत्रे एका गठ्ठ्यात बांधायची आणि रात्री दुसऱ्या बोर्डाला फोन करून ती हवाली करायची. तो बोर्ड ती पुढच्याला देई. पत्र दुसऱ्या देशात पोचायला एक-दोन दिवस लागत, पण सतत चालू असलेल्या जोडणीची गरज नव्हती. फिडोनेटने जगाचे विभाग पाडले होते आणि आशिया विभाग 6 मध्ये येई. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या ग्रंथालय खात्याने 1911 पासून पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या, त्याचीच ही तारेवरची आवृत्ती म्हणता येईल.

मुंबईत बसलेल्या माणसाला बोर्ड हा लोकल कॉल होता. बडोद्याहून मुंबई रेल्वेने 400 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे 022 लावून एसटीडी, परगावचा महाग कॉल. एसटीडीचा दर रात्री 11 नंतर पाव होई, म्हणून सगळा खटाटोप मध्यरात्रीकडे सरके. पत्रे आधीच लिहून, दाबून एका फाइलीत बसवून ठेवायची; फोन लावायचा, आपला गठ्ठा द्यायचा, त्यांचा घ्यायचा, फोन ठेवायचा, आणि मग निवांत वाचत बसायचे. लाइनवर राहून गप्पा मारणे ही चैन होती. या हिशेबात शहरातच एखादे केंद्र असणे किती मोलाचे, हे सांगायला नको. मुंबईच्या ‘लाइव्ह वायर’ या बोर्डाचे बडोद्यात केंद्र होते. त्याच्या पत्त्यात आधी ‘एलडब्ल्यूबीडीक्यू’ आणि मग ‘एलडब्ल्यूबॉम’ असे तुकडे येत: लाइव्ह वायर बडोदा, लाइव्ह वायर मुंबईमार्फत. बीडीक्यू हा बडोदे विमानतळाचा संकेत.

दुसरा पत्ता त्याहून बोलका आहे: बडोदा ॲट एनबीए डॉट आयएलबॉम डॉट अर्नेट डॉट इन. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या बडोदे कार्यालयाचा 1990च्या दशकातला हा ई-मेल पत्ता. ‘आयएलबॉम’ म्हणजे इंडियालिंकचे मुंबई केंद्र. स्वयंसेवी संस्थांसाठी चालवलेले हे डायल-अप टपालजाळे होते. आंदोलनाचा विरोध नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला होता. त्याच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या गावांत मणिबेली पहिले. अक्कलकुवा तालुक्यातले, तेव्हा धुळे जिल्ह्यात. खोऱ्यातल्या गावांना फोन नव्हता. पाणी किती चढले, कोणाला अटक झाली, ही बातमी माणसाबरोबर होडीने, पायी आणि मग बसने शहर गाठी. तिथे ती इंग्रजीत टाइप होऊन मॉडेमवर चढली, की पुढचा प्रवास हजारो मैलांचा असूनही त्या पहिल्या टप्प्यापेक्षा लवकर संपत असे.

इथे एक भान ठेवायला हवे. जागतिक बँकेच्या मोर्स समितीचा अहवाल जून 1992 मध्ये आला आणि मार्च 1993 मध्ये भारताने धरणासाठीच्या उरलेल्या कर्जावर पाणी सोडले. त्यामागे आंदोलनाच्या मेधा पाटकरांनी 1989 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे दिलेल्या साक्षीपासूनची मेहनत होती. तिचे श्रेय ई-मेलला देणे चूक ठरेल. मॉडेम खरा उपयोगी पडला तो नंतर, 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आंदोलनाची याचिका गेल्यापासून ऑक्टोबर 2000 च्या निकालापर्यंतच्या लांबलचक काळात, जेव्हा वर्तमानपत्रांचे लक्ष उडाले होते आणि बातमी स्वतःच पोचवावी लागत होती. धरणाच्या बाजूने उभ्या असलेल्या शहरातून धरणाविरुद्धची पत्रके निघत, आणि ती ‘अर्नेट’च्या नावाखाली निघत. अर्नेट हे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 1986 मध्ये उभे केलेले जाळे. त्याचा परदेशाशी दुवा जुहूच्या एनसीएसटी संस्थेतून जाई.

बोर्डावरच्या पत्रांची लिपी रोमन. सात बिटांच्या आस्की संचात देवनागरीला जागा नव्हती. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की संचाचे मानक 1991 मध्ये आले, पण हौशी बोर्डांच्या सॉफ्टवेअरला त्याचा गंध नव्हता. त्यामुळे दांडिया बाजारातला मराठी माणूस मराठी लिहो वा गुजराती, पडद्यावर दोन्ही इंग्रजी अक्षरांतच दिसणार. मराठीपुरता वेगळा कट्टा हवा असेल तर तो यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ या नावाने होता, पण तिथे वावर मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांतून. ‘मायबोली’ हे संकेतस्थळही तिकडच्याच मराठी माणसांनी 16 सप्टेंबर 1996 रोजी, गणेश चतुर्थीला सुरू केले.

देशातल्या बोर्डांत मराठी नाव ठळक आहे ते अतुल चिटणीस (1962–2013) यांचे. जर्मनीत जन्मलेले, बेळगावात अभियांत्रिकी शिकलेले चिटणीस बंगळूरला ‘सीआयएक्स’ हा बोर्ड चालवत. पुढे 1996 मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी वाटण्याचा बेत त्यांनी तडीस नेला. बोर्डावर फुकट सॉफ्टवेअर वाटून घेण्याची सवय आणि ही सीडी यांचे नाते उघड आहे: जे फोनवरून उतरवायला कित्येक दिवस लागले असते, ते अंकासोबत पोस्टाने आले.

सरकारला मात्र हे बोर्ड रुचले नाहीत. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचा आधार घेऊन दूरसंचार खात्याने 1990च्या दशकाच्या मध्यावर बुलेटिन बोर्डांकडे वर्षाला 15 लाख रुपयांच्या परवाना शुल्काची मागणी केली. जो सिसॉप लाइनचे बिल स्वतःच्या खिशातून भरून लोकांना आत घेत होता, त्याच्याकडून ही अपेक्षा! दिल्ली-मुंबईच्या मंडळींनी विरोध केला. पण मागणीचा निकाल लागण्याआधीच काळ पुढे सरकला. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने चार महानगरांत इंटरनेट खुले केले. ते महाग होते आणि तुटक चाले. बडोद्यासारख्या शहराला मधली काही वर्षे जुन्याच वाटांनी काढावी लागली. नोव्हेंबर 1998 मध्ये खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले, लोकल कॉलवर इंटरनेट आले आणि बोर्डांचे फोन वाजायचे थांबले.

यूजनेटवरचा मजकूर डेजा न्यूजने 1995 पासून साठवला आणि 2001 मध्ये तो संग्रह गूगलने विकत घेतला, म्हणून तिथली भांडणे आजही शोधता येतात. स्थानिक बोर्डांवरच्या मजकुराचे तसे झाले नाही. तो सिसॉपच्या हार्ड डिस्कवर होता, आणि डिस्क भरली की जुने निरोप पुसून जागा करणे हा बोर्ड चालवण्याचा रोजचाच भाग होता. बडोद्याहून बाहेर गेलेली पत्रके मात्र ज्यांना मिळाली त्यांच्याकडे उरली. म्हणून शहराच्या डायल-अप काळाचा जो लेखी पुरावा आज सापडतो, तो बराचसा शहराबाहेर, पत्रकाच्या तळाशी दिलेल्या पत्त्यांच्या रूपात आहे.