पुस्तिकेच्या आधीचे कागद

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचे शाळा सोडल्याचे दाखले एकत्र मांडून बघा. त्यांतली बरीच मंडळी १ जूनला जन्मलेली निघतील. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला घेऊन आलेली आई ‘बहात्तरच्या दुष्काळात झाला’ एवढंच सांगू शकायची आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन रजिस्टरात १ जून लिहायचे. त्या दाखल्यावरून दहावीची सनद झाली, सनदेवरून पुढचे कागद झाले आणि एक दिवस त्यावर पासपोर्टही निघाला.

पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाला चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी असतात, यंत्राने वाचण्यासाठी. त्यांत आपली तारीख ७२०६०१ अशी उतरते आणि तिच्यामागे एक पडताळणीचा अंक येतो. तो काढायची रीत सोपी आहे. अंकांना क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ ने गुणायचं, बेरीज करायची आणि बेरजेतला एकंस्थानचा अंक घ्यायचा. इथे ४९, ६, ०, ४२, ० आणि १ मिळून ९८ होतात, म्हणून अंक ८. जगातल्या कुठल्याही विमानतळावरचं यंत्र हा हिशेब करून तारीख बरोबर असल्याचं ठरवतं. बरोबर म्हणजे वाचण्यात चूक झाली नाही, इतकंच. गुरुजींनी काय केलं होतं, ते यंत्राला कळायचा मार्ग नाही.

ज्या अभ्यासक्षेत्राच्या उंबरठ्यावर वाचकाचं स्वागत करायचं आहे, ते या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे. पासपोर्टविषयी मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुधा अर्ज कसा भरावा आणि कागद कोणते लागतात, एवढंच. पण सुरक्षा-छपाई जाणणारा तंत्रज्ञ, घटनेचा अभ्यासक, गुप्तलेखनाचं गणित करणारा, स्थलांतराचा इतिहासकार आणि ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारा ग्रामसेवक यांना एका बाकावर बसवणारे विषय फार नाहीत. हा त्यांतला एक आहे.

पासपोर्ट ही फार जुनी गोष्ट आहे, असा आपला समज असतो. राजेरजवाड्यांची प्रवासपत्रं जुनी आहेत, हे खरं. पण सामान्य माणसाला परदेशी जाण्यासाठी हा कागद सक्तीचा झाला तो पहिल्या महायुद्धापासून. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा अडचण पैशांची होती आणि समाजाच्या टीकेची होती, पासपोर्टची नव्हती. १९१४ नंतर कोण कुठल्या राष्ट्राचा हा प्रश्न जीवनमरणाचा झाला, आणि त्याचा एक अंक खुद्द नगरात घडला. हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना सरकारने ‘शत्रुराष्ट्राचे’ ठरवून ज्या छावण्यांत ठेवलं, त्यांत नगरची छावणी प्रमुख होती. वर्षानुवर्षं इथे व्यापार केलेली आणि धर्मप्रसारात आयुष्य काढलेली माणसं एका शिक्क्यासरशी परकी झाली. किल्ल्यातला पंडित नेहरूंचा १९४२ नंतरचा बंदिवास नगरकरांना पाठ असतो, ही आधीची छावणी मात्र फारशी कुणाला आठवत नाही. पासपोर्टच्या अभ्यासकाने ती विसरू नये. युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली आणि पुस्तिकेचा आकार, पानं, मजकूर यांचा एक नमुना ठरला. तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था मग गेलीच नाही.

कायद्याची बाजू मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचं तीन विरुद्ध दोन अशा मतांनी सांगितलं. विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते नागपूरच्या वकिलीत वाढलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला. सरकारला घाईघाईने वटहुकूम काढावा लागला आणि २४ जूनला पासपोर्ट कायदा झाला. १९७८ च्या मेनका गांधी खटल्याने त्यावर कळस चढवला. त्याच १९६७ साली महाराष्ट्रात ग्राम पोलीस अधिनियमही झाला आणि वंशपरंपरेच्या पाटीलकीच्या जागी नेमलेला पोलीस पाटील आला. दोन्ही कायद्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. अर्जदार खेड्यातला असला की मात्र चौकशीच्या वेळी तो संबंध येतो.

आता पुस्तिकेकडे वळू. भारताचा पासपोर्ट छापला जातो तो शेजारच्या जिल्ह्यात, नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९२५ च्या सुमारास हा छापखाना उभा राहिला आणि तोवर लंडनहून छापून येणारी टपालतिकिटं इथे छापली जाऊ लागली. कोऱ्या पुस्तिका इथून देशभरच्या पासपोर्ट कार्यालयांत जातात. नगर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर पुण्याला. नाशिक-पुणे रस्ता आपल्या संगमनेरवरूनच जातो. पुस्तिका नेमक्या कोणत्या वाटेने जातात हे अर्थातच कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये.

कागदातला जलचिन्हाचा ठसा, बारीक वेटोळ्यांची नक्षी, भिंगाखालीच वाचता येणारी अक्षरं, अतिनील प्रकाशात उजळणारी शाई, पानावर फिकट उमटलेला तोच फोटो दुसऱ्यांदा, ही या छपाईची हत्यारं. यांतलं प्रत्येक कुठल्या तरी जुन्या लबाडीला दिलेलं उत्तर आहे. पूर्वी फोटो चिकटवलेला असायचा, तेव्हा तो अलगद सोडवून दुसरा बसवणं हा नकली पासपोर्टचा राजमार्ग होता. फोटो पानावरच छापला जाऊ लागला आणि तो मार्ग बंद झाला. हाताने लिहिलेले पासपोर्ट तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमाप्रमाणे २४ नोव्हेंबर २०१५ नंतर प्रवासातून बादच झाले. ज्यांच्या घरात निळ्या शाईने भरलेला जुना पासपोर्ट असेल, त्यांनी तो टाकू नये. अभ्यासाला असा नमुना सहज मिळत नाही.

पण छपाई कितीही पक्की असली तरी छापखान्याच्या मागच्या दाराकडेही बघावं लागतं, हे महाराष्ट्राला तेलगी प्रकरणाने शिकवलं. नकली मुद्रांक कागदांचा तो सगळा पसारा उभा राहिला तो याच नाशिकच्या छापखान्यातून मोडीत निघालेली यंत्रं हाती लागल्यामुळे. शाई, कागद, नक्षी यांचं गुपित अबाधित असूनही भंगाराच्या लिलावाने घात केला. या विषयाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात तेलगी प्रकरण पहिल्या महिन्यातच शिकवावं, असं माझं मत आहे.

चिप आली ती याच्यापुढची पायरी. मलेशियाने १९९८ मध्ये चिप असलेला पासपोर्ट पहिल्यांदा काढला. भारतात पहिला ई-पासपोर्ट २५ जून २००८ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना मिळाला. सुरुवात राजनैतिक आणि सरकारी पासपोर्टांपासून होती. सामान्य माणसासाठी प्रायोगिक सुरुवात व्हायला १ एप्रिल २०२४ उजाडला. हा सोळा वर्षांचा खंड का पडला, यावर कुणी तरी प्रबंध लिहायला हवा. नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक छोटं सोनेरी चिन्ह असतं. त्यावरून ती ओळखायची. आतल्या चिपमध्ये पानावरचीच माहिती आणि चेहऱ्याचं छायाचित्र असतं, आणि त्या सगळ्यावर सरकारची अंकीय सही. ही सही शाईची नसून गणिताची असते. साठवलेल्या माहितीतलं एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही, आणि नवी सही करायची गुप्त किल्ली सरकारबाहेर कुणाकडे नसते. चिप दुरून चोरून वाचता येईल अशी भीती अनेकांना वाटते. तिच्यासाठीही तजवीज आहे. पासपोर्ट उघडून त्या दोन ओळींतला क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यंत्राने वाचल्याशिवाय चिप बोलतच नाही.

थोडक्यात, पुस्तिकेत खाडाखोड करणं आता जवळजवळ अशक्य झालं आहे. मग लबाडी करणारा काय करतो? तो पुस्तिकेला हातच लावत नाही. तो खोट्या किंवा दुसऱ्याच्या दाखल्यांवर अस्सल पासपोर्ट मिळवायला बघतो. सही खरी, चिप खरी, नाशिकचा कागद खरा, आणि आतला माणूस मात्र दुसराच. पुस्तिका जितकी मजबूत होते तितका भार तिच्याआधीच्या कागदांवर सरकतो, आणि ते कागद नाशिकला छापले जात नाहीत. ते गावात तयार होतात. म्हणून या क्षेत्राचा अभ्यास दिल्लीत किंवा विमान वाहतूक संघटनेच्या माँट्रियलला जितका होतो तितकाच जिल्ह्यात व्हायला हवा, असा या प्रस्तावनेचा आग्रह आहे.

पासपोर्ट मिळण्याच्या वेगाचंही असंच आहे. पूर्वी नगरच्या माणसाला पासपोर्टसाठी सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याला जावं लागे. अकोले किंवा जामखेडच्या माणसाचा तर सबंध दिवस आणि एक रात्र मोडायची. पासपोर्ट सेवा प्रकल्पाने अर्ज, वेळ ठरवणं, ठसे आणि फोटो हे सगळं एका साखळीत आणलं. २०१७ पासून टपाल खात्याच्या इमारतींत केंद्रं उघडू लागली आणि नगरलाही असं केंद्र झालं. आता केंद्रातलं काम उरकतं आणि खरा वेळ लागतो तो ‘चौकशी’ला. पोलीस ठाण्यातून फोन येतो, आधार आणि लाईटबिल घेऊन बोलावतात, शेजारचे दोन साक्षीदार लागतात, आणि खेड्यात पोलीस पाटलाला विचारलं जातं. आता ती माहिती मोबाइलवरच्या ॲपमधून वर जाते, म्हणून दिवस वाचले. पण माणूस तिथेच राहतो का, याचं उत्तर अजूनही पारावर बसलेल्या माणसांकडेच असतं. हा टप्पा काढून टाकला तर वेग वाढेल. तो नुसता उपचार म्हणून उरला तर वेगही जाईल आणि सुरक्षाही. माझ्या मते सुधारणेची खरी जागा इथे आहे, चिपमध्ये नाही.

जिल्ह्याच्या खास अडचणी तर वेगळ्याच. नगरकडे भाऊसाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब ही नावं कागदोपत्री ठेवलेली असतात. इंग्रजी अर्जात कुणी ‘भाऊसाहेब’ एक शब्द लिहितो, कुणी दोन. आधारवर जागा सोडलेली, सनदेवर नाही, आणि एका रिकाम्या जागेपायी माणूस परत जातो. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बाईला माहेरच्या दाखल्यापासून सासरच्या रेशनकार्डापर्यंतची सगळी साखळी दाखवावी लागते. त्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जुन्या पासपोर्टांवर जन्मस्थळ ‘अहमदनगर’ आहे आणि ते वैधच आहे. पण एकाच घरात बापाचं जन्मगाव एका जिल्ह्यात आणि मुलाचं दुसऱ्या, असं परदेशी अधिकाऱ्याला दिसणार. शिर्डीच्या विमानतळामुळे आणि अरणगावच्या मेहेराबादला येणाऱ्या परदेशी भक्तांमुळे उलट्या दिशेचाही अनुभव जिल्ह्याला आहे. पाहुण्याचा पासपोर्ट बघून त्याची नोंद पोलिसांकडे करणं इथल्या कित्येक लॉजवाल्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

जन्माच्या पुराव्याचे नियम कसे हलत गेले, हेही पाहण्यासारखं आहे. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला सक्तीचा होता. डिसेंबर २०१६ मध्ये ती अट सैल होऊन शाळेचा दाखला, पॅन, आधार असे पर्याय आले. २०२५ मध्ये पुन्हा असं ठरलं, की १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मदाखलाच हवा. त्याच तारखेला जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आणि वर्ष उलटून गेलेल्या नोंदीचा आदेश देण्याचं काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल अधिकाऱ्यांकडे गेलं. मालेगावातल्या उशिरा झालेल्या नोंदींवरून २०२५ च्या सुरुवातीला विशेष चौकशी पथक नेमावं लागलं. तिथे संशयाची चर्चा पुष्कळ झाली. घरी बाळंत झालेल्या, खरोखरच नोंद राहून गेलेल्या ऊसतोड कामगाराच्या लेकराचं काय, याची फार कमी झाली. दोन्ही प्रश्न एकदम डोळ्यांसमोर ठेवता येणं, ही या अभ्यासाची पहिली शिस्त.

नव्या अभ्यासकाला सुरुवात कुठून करायची ते सांगून थांबतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा ९३०३ क्रमांकाचा दस्तऐवज वाचायलाच हवा; तो रुक्ष आहे, पण चिपपासून फोटोच्या मापापर्यंत सगळं त्यातच आहे. मग जवळच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघावं, आणि त्यानंतर तहसील कचेरीतलं कोतवाल बुक. गावच्या जन्ममृत्यूंची ती जुनी नोंद. बाळाचं नाव त्यात बऱ्याचदा नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच असतं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा ही बुकं कपाटांतून बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली आणि पानं स्कॅन झाली. तो शोध एका जातीच्या नोंदीपुरता होता. त्याच पानांवरच्या जन्मतारखा शाळेच्या रजिस्टरांशी ताडून पाहायला एक तालुका, दोन मोडी जाणणारे विद्यार्थी आणि तहसीलदारांची परवानगी पुरेल.